पेढे कशाचे?

वार्षिकांकासाठी साहित्य द्यावे अशी सूचना फलकावर लागली की आमच्या वर्गात दोन तट पडतात. एक कवितेचा, दुसरा पावसाचा. कविता मला येत नाही, आणि पावसावर गेल्या तीन अंकांत इतके लिहून झाले आहे की यंदा त्यालाच संकोच वाटावा. तेव्हा मी क्रिकेटवर लिहिणार आहे. प्राध्यापक मंडळींनी एवढ्यात कपाळाला आठ्या घालू नयेत. लेख तसा क्रिकेटचाही नाही. तो आमच्या आबांचा आणि त्यांनी एका संध्याकाळी यवतमाळच्या दत्त चौकात वाटलेल्या अर्धा किलो पेढ्यांचा आहे.

आबा म्हणजे माझे आजोबा. ते कापूस पणन महासंघात ग्रेडर होते. एकाधिकार खरेदीच्या दिवसांत ग्रेडर म्हणजे शेतकऱ्याच्या लेखी तहसीलदाराच्या खालोखालचा माणूस. गाडीतला मूठभर कापूस घ्यायचा, चिमटीत धरून धागा ओढून पाहायचा आणि सांगायचे : सुपर, एफएक्यू, की कवडी. त्या एका शब्दावर कोणाच्या घरचे लग्न ठरायचे, कोणाचे पुढच्या सालावर जायचे. आबा कोणाच्या दबावाला बळी पडत नसत, असे आमच्या घरी सांगतात. घरचेच सांगतात, तेव्हा वाचकांनी त्यात थोडी घट धरावी.

या आबांना एक व्यसन होते. पान नाही, तंबाखू नाही. विदर्भाचा रणजी संघ. महासंघाचे एक लांबट, जाड पुठ्ठ्याचे कोरे रजिस्टर त्यांनी कधीतरी घरी आणले होते. (परवानगीने आणले की नाही, हे मी विचारलेले नाही.) गाडी क्रमांक, वजन, प्रत, शेरा असे रकाने त्यात छापलेले. १९७४ पासून आबा त्यात विदर्भाचा प्रत्येक सामना नोंदवीत. गाडी क्रमांकाच्या जागी प्रतिस्पर्ध्याचे नाव, वजनाच्या जागी धावा, आणि प्रतीच्या रकान्यात सामन्याची प्रत. पानेच्या पाने चाळली तरी ‘कवडी’, ‘कवडी’, ‘एफएक्यू’, ‘कवडी’. ‘सुपर’ हा शब्द शोधूनही सापडत नसे.

त्यात नवल नव्हते. विदर्भ रणजीत उतरला १९५७-५८ साली. मध्य विभागात राजस्थान, उत्तर प्रदेश, रेल्वे, मध्य प्रदेश असे तालेवार शेजारी. राजस्थानकडे सलीम दुराणी आणि हनुमंतसिंग होते, आमच्याकडे चिकाटी होती. पुढे रणजीत वरचा आणि खालचा असे गट पडले, तेव्हा आम्ही कितीतरी वर्षे खालच्यात. वर्तमानपत्रात विदर्भाला खेळाच्या पानावर तळाशी चार ओळी मिळत. आबा त्या कात्रीने कापून घेत. उरलेल्या पानावर आजी शेंगा सोलायला बसे. कसोटीत खेळलेला पहिला वैदर्भीय म्हणून उमेश यादवचे नाव २०११ साली आले, तेव्हा मी पाच-सहा वर्षांचा होतो. त्या दिवशी आबांनी मला खांद्यावर घेऊन अंगणात दोन फेऱ्या मारल्या, असे आई सांगते.

आता २०१७ च्या डिसेंबरकडे येतो. मी सातवीत होतो. आबांच्या एका डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झालेले, दुसऱ्याचे व्हायचे. टीव्हीवर त्यांना माणसे दिसत, चेंडू दिसत नसे. त्यामुळे शाळा सुटली की माझी नेमणूक ठरलेली. त्यांच्या खुर्चीला टेकून बसायचे आणि चेंडू कुठे गेला ते सांगायचे.

उपांत्य सामना कोलकात्याला कर्नाटकाशी होता. शेवटच्या सकाळी कर्नाटकाला ८७ धावा हव्या आणि तीन गडी शिल्लक. मी पोट दुखल्याचे सांगून शाळा बुडवली. आबांनी त्याला मूक संमती दिली. ते एकेका धावेने जवळ येत गेले, सहा धावांवर आले. आबा उठून देवघरात गेले आणि तिथून ओरडले, “बाबू, आऊट झाला तरच मले आवाज दे!” रजनीश गुरबानीने शेवटचा गडी टिपला. हा नागपूरचा मुलगा, स्थापत्य अभियांत्रिकी शिकलेला. पाच धावांनी विजय. मी हाक मारली. आबा बाहेर आले नाहीत. मी जाऊन पाहिले तर विझलेल्या निरांजनासमोर नुसते बसलेले.

अंतिम सामना इंदूरला, होळकर स्टेडियमवर, दिल्लीशी. सी. के. नायडू जन्मले नागपुरात आणि नाव काढले होळकरांच्या इंदुरात. आबांना हे शल्य ते स्वतः खेळले असावेत इतके जवळचे होते. “त्याईनं आपला माणूस नेला, आता आपण तिथूनच चषक आणू,” असे ते आठवडाभर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. गुरबानीने दुसऱ्या दिवशी हॅट्ट्रिक घेतली, तिघांचेही त्रिफळे. रणजीच्या अंतिम सामन्यात अशी हॅट्ट्रिक त्याआधी एकदाच झाली होती, १९७२-७३ मध्ये तामिळनाडूच्या कल्याणसुंदरमची. हे मला आबांनी तोंडपाठ सांगितले. सकाळी गोळी घेतली की नाही, हे मात्र त्यांना सांगता येत नसे. मग अक्षय वाडकरच्या १३३ धावा, आपल्या ५४७. दिल्ली दुसऱ्यांदा २८० वर आटोपली आणि विजयाला हव्या फक्त २९.

वसीम जाफर खेळत होता. इथे आमच्या घरात जुना वाद होता. बाबा म्हणत, जाफर मुंबईचा, गणेश सतीश कर्नाटकातून आलेला, प्रशिक्षक चंद्रकांत पंडित मुंबईचे. यात आपले काय? आबांचे उत्तर ठरलेले : “बियाणं कुठचंबी असो. पऱ्हाटी आपल्या वावरात वाढली ना?” मला अजूनही हे उत्तर पुरते पटलेले नाही. पण त्या सोमवारी, १ जानेवारी २०१८ रोजी, मी ते विचारायच्या मनःस्थितीत नव्हतो.

“बाबू, चेंडू कुठी गेला?”

“चौकार, आबा.”

“आता?”

“पुन्हा चौकार.”

“आता?”

“आबा, जिंकलो.”

आबा काही बोलले नाहीत. त्यांनी टोपी मागितली. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, “या थंडीत कुठी चालले मामाजी?” “गावात,” आबा म्हणाले. “लोक जमले असतीन.”

लोक जमले नव्हते. दत्त चौकात नव्या वर्षाच्या पाट्या होत्या, एका मोबाइलच्या दुकानात मोठ्याने गाणे लावलेले होते आणि नेहमीची गर्दी नेहमीसारखी जात-येत होती. आबा चहाच्या टपरीशी उभे राहिले. “बातमी आत्ताच सुटली असन. येतीन.” दहा मिनिटे गेली, पंधरा गेली. मग ते समोरच्या दुकानात गेले, अर्धा किलो पेढे घेतले आणि खोका उघडून रस्त्याच्या कडेला उभे राहिले.

खरे सांगतो, मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. वर्गातला कोणी पाहील या भीतीने मी टपरीआड सरकलो. लोक पेढा घेत आणि विचारत, “कशाचे?”

“नातू झाला काय ग्रेडरसाहेब?”

“नाही. रणजी जिंकलो.”

“रणजित? कोनाचा पोरगा?”

आबा प्रत्येकाला पहिल्यापासून समजावून सांगत. बहुतेक जण मान डोलावून जात. शेवटी खाकीतला एक कंडक्टर थबकला. ड्यूटी संपवून निघाला असावा. “गुरबानीले पहिल्या डावात सहा होते ना, काकाजी?” आबांनी त्याचा हातच धरला. मग टपरीवाल्याने कान दिला, तोही कर्नाटकाचा सामना रेडिओसारखा ऐकत बसला. आमची विजययात्रा एवढीच : तीन माणसे आणि अर्धा मी.

आणखी एक माणूस तिथे होता. गळ्यात मफलर, हातात दवाखान्याच्या कागदांची प्लास्टिकची पिशवी. आबांनी त्याच्यापुढे खोका धरला. तो मागे सरला. “नाही काकाजी. यंदा आमच्यात गोड नाही.”

आबांनी पुढे विचारले नाही. त्या साली आमच्या जिल्ह्यात असे कोणी कोणाला विचारत नव्हते. २०१७ च्या पावसाळ्यात पऱ्हाटी डोक्याइतकी वाढली होती, आणि तिच्यावर फवारणी करताना औषध नाकातोंडात जाऊन वीसच्या आसपास शेतकरी आणि शेतमजूर दगावले. कित्येकांची नजर अधू झाली. एवढे फवारूनही गुलाबी बोंडअळीने बोंडे आतून पोखरलीच. त्या माणसाच्या घरी नेमके काय झाले होते हे मला ठाऊक नाही. आबा खोका तसाच धरून उभे राहिले. मग म्हणाले, “घरी लहान हाय कोनी?”

“नातू हाय.”

आबांनी चार पेढे कागदात बांधून त्याच्या पिशवीत टाकले. येताना रस्ताभर ते गप्प. लोक आले नाहीत म्हणून रागावले असतील, असे मला वाटले. घराच्या फाटकाशी म्हणाले, “त्याले उगाच इचारलं.”

रात्री रजिस्टर निघाले. दिल्ली, २९५ आणि २८०. विदर्भ, ५४७ आणि एक बाद ३२. नऊ गडी राखून विजय. आता ‘सुपर’ लिहिले जाणार म्हणून मी डोळे लावून बसलो होतो. त्यांनी लिहिले, ‘एफएक्यू’. मी भांडलोच. हॅट्ट्रिक काय, वाडकर काय, साठ वर्षे काय! आबांनी पेनाला टोपण लावले. “बोंडअळीच्या साली सुपर कोनाच्याच गाडीले लिहिलं नाही बाबू. अन् याले कसं लिहू?”

दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात विदर्भ हा शब्द पहिल्या पानावर मोठ्या टायपात होता. मी लहानपणापासून तो शब्द मथळ्यात पाहत आलो होतो, पण त्याच्या पुढे नेहमी अनुशेष तरी असे किंवा आत्महत्या. बाबा आमच्या संघाविषयी वाद घालणारे, पण तो अंक त्यांनी ऑफिसात नेला आणि परत आणला नाही.

गेल्या वर्षी इंग्रजीच्या सरांनी बोलता बोलता शिकागोच्या बेसबॉलची हकीकत सांगितली. तिथल्या कब्ज नावाच्या संघाने १९०८ नंतर थेट २०१६ साली अजिंक्यपद मिळवले. मध्ये १०८ वर्षे गेली. लोक लाखोंनी रस्त्यावर आले. पण त्याआधी त्यांनी मैदानाच्या विटांच्या भिंतीवर खडूने नावे लिहिली होती. वाट पाहता पाहता गेलेल्या आई-बापांची, आजोबांची. एक गृहस्थ तर शेवटचा सामना ऐकायला रेडिओ घेऊन वडिलांच्या कबरीशी जाऊन बसले. वर्गात कोणीतरी हसले. मी हसलो नाही, कारण मला आमचे रजिस्टर दिसत होते. शिकागोची गर्दी पाहायला मिळाली असती तर आबा खुळावले असते, हे मात्र खरे.

रजिस्टरात ‘सुपर’ एकदाच आहे. ७ फेब्रुवारी २०१९, नागपूर, सौराष्ट्राविरुद्ध ७८ धावांनी विजय; लागोपाठ दुसरे अजिंक्यपद. त्या सामन्यात आदित्य सरवटेने ११ बळी घेतले आणि दोन्ही डावांत चेतेश्वर पुजाराला टिपले. पण शेऱ्याच्या रकान्यात सरवटे नाही. तिथे लिहिले आहे : ‘कर्णेवार नाबाद ७३. पांढरकवडा.’ पांढरकवड्याखाली दोन रेघा. अक्षय कर्णेवार आपल्या जिल्ह्यातला, दोन्ही हातांनी फिरकी टाकणारा. आबा आठवडाभर उजव्या-डाव्या हाताने लिंबे फेकून आजीची बोलणी खात होते.

आबा २०२१ च्या उन्हाळ्यात गेले. रजिस्टर माझ्याकडे आले. मार्च २०२४ मध्ये वानखेडेवर मुंबईकडून १६९ धावांनी हरलो, ते मीच नोंदवले आणि कोणाला न विचारता ‘कवडी’ लिहिले. नंतर वाटले, घाई केली.

२०२५ चा अंतिम सामना जामठ्याला होता. रविवार, २ मार्च, शेवटचा दिवस. पहाटेची एसटी धरून गेलो, पिशवीत अर्धा किलो पेढे. समोर केरळ, त्यांचा हा पहिलाच अंतिम सामना. दानिश मालेवारच्या १५३ मुळे आपल्या पहिल्या डावात ३७९ झाल्या होत्या. त्यांच्या ३४२, आणि त्यांचा कप्तान सचिन बेबी ९८ वर बाद झालेला. शेवटच्या दिवशी नुसता वेळ काढायचा होता. सामना अनिर्णित सुटला आणि ३७ धावांच्या आघाडीवर आपण जिंकलो. आबांना पहिल्या डावाच्या आघाडीचा मनस्वी तिटकारा होता. तिच्या पायी आपण जन्मभर गुण गमावले, असे त्यांचे म्हणणे.

पेढे वाटत पायऱ्या उतरताना एक म्हातारे गृहस्थ दिसले. वर्तमानपत्राची घडी पुन्हा पुन्हा मोडत, पुन्हा घालत बसलेले. शेजारच्याशी मल्याळममध्ये बोलत होते. मी खोका पाठीमागे घेतला आणि बाजूने निघालो. त्यांनीच हाक मारली.

“अहो, सगळ्यांना देता, मला का नाही?” मराठी अगदी नागपुरी. “चाळीस वर्षे झाली इथे. अर्धा पेढा तरी माझा आहे.”

मी दोन दिले. त्यांनी एक तोंडात टाकला, दुसरा वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात बांधला आणि विचारले, “कुठून आलात?”

“यवतमाळ.”

“एवढ्या दुरून? सामन्यासाठी?”

मी रजिस्टर काढून दाखवले. त्यांनी चष्मा वर करून बरीच पाने पाहिली. ‘कवडी’ म्हणजे काय, तेही विचारले. समजल्यावर म्हणाले, “आमच्याकडेही कोणी लिहीत असेल.”

परतीच्या गाडीत दिवा होता म्हणून नोंद तिथेच केली. केरळ, ३४२. विदर्भ, ३७९ आणि ९ बाद ३७५. अनिर्णित, आघाडीवर विजेते. गाडी कळंबजवळ आली तरी प्रतीचा रकाना रिकामाच होता. तो अजून तसाच आहे.