वेंगुर्ल्याच्या खडकांकडे एक जलसफर

स्वतःच्या होडीतून चार मित्रांनी समुद्रावर हिंडावे, बेटे पाहावीत आणि दिवेलागणीस घरी परतावे, ही हौस आम्हांस लहानपणापासून होती. परंतु शिक्षकाच्या मिळकतीत होडी बसत नाही. ती आमच्या एका मित्राच्या मिळकतीत बसली. बँकेतील नोकरीतून निवृत्त होऊन ते मालवणच्या दक्षिणेस देवबाग येथे राहावयास गेले आणि कर्लीच्या खाडीत त्यांनी एक लहानशी इंजिनाची होडी ठेविली. होडी त्यांची, पण ती चालविणारा तांडेल गावचा. त्या तांडेलाचा पुतण्या आमच्याच शाळेत नववीच्या वर्गात होता. सुट्टीच्या दिवशी तो चुलत्याबरोबर होडीवर असे. सोमवारी तो पुष्कळदा वर्गात पेंगत असे, आणि त्याबद्दल आम्ही त्यास उभेही केले होते.

फाल्गुनात, होळीच्या आधी, वेंगुर्ल्याच्या खडकांकडे जावयाचे ठरले. मंगळवारी शाळेस सुट्टी होती, म्हणून प्रथम मंगळवार नेमिला. भरती-ओहोटीचा हिशेब करण्याचे काम भूगोलाचे शिक्षक या नात्याने आमच्याकडे आले. कोकणातील म्हातारी माणसे तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात, ती रीत आम्हांस ठाऊक होती. मंगळवारी सप्तमी, सातची पाऊणपट सव्वापाच. पूर्ण भरती सव्वापाच वाजता, असे आम्ही एका चिठ्ठीवर लिहिले व ती चिठ्ठी खिशात घातली. पुढे डॉक्टरमित्रांस मंगळवारी रुग्णालयातून निघता येईना, म्हणून सफर तीन दिवस अलीकडे, शनिवारी आली. चिठ्ठी मात्र खिशात तशीच राहिली.

शनिवारी पहाटे साडेचार वाजता आम्ही चौघे होडीत बसलो. मतलई वारा अंगास झोंबत होता. धक्क्याच्या खांबावर पाण्याच्या वर हातभर उंचीची ओली रेघ कंदिलाच्या उजेडात चमकत होती. आमच्याबरोबर चित्रकलेचे मास्तर होते. त्यांनी ती रेघ सुंदर असल्याचे सांगितले, आणि आम्हीही मान डोलाविली. खांब पाण्याच्या वर ओला असेल तर पाणी उतरत आहे, हे तिसरीतील मूलही सांगेल. आमच्या हिशेबाप्रमाणे त्या वेळी पाणी चढत असावयास हवे होते. आम्ही रेघ पाहिली, परंतु वाचली नाही.

कर्लीच्या मुखाशी वाळूचा आडवा उंचवटा आहे. पाणी भरपूर असता होडी त्यावरून सहज जाते. ओहोटीस तेथे लाटा फुटू लागतात, आणि होडी वाळूस लागली तर पुढची लाट तिला आडवी करते. हा उंचवटा ओलांडून आम्ही बाहेर पडलो, आणि निवतीचे टोक डावीकडे ठेवून नैर्ऋत्येस निघालो.

उजाडता उजाडता खडक दिसू लागले. वेंगुर्ल्याच्या बंदरापासून हे सुमारे चौदा किलोमीटरांवर समुद्रात आहेत. काही मोठे, काही नुसते पाण्यातून वर आलेले दात; नकाशांत यांस ‘बर्न्ट आयलंड्स’ म्हणजे जळकी बेटे असेही नाव आढळते. खाली काळे, आणि माथ्यावर पक्ष्यांच्या विष्ठेने चुना फासल्यासारखे पांढरे. डचांनी 1637 साली वेंगुर्ल्यास वखार घातली. त्यांच्या तांडेलांनी रात्रीच्या काळोखात हे खडक किती भीतीने चुकविले असतील, ते तेथे गेल्यावाचून कळत नाही. आता एका खडकावर दीपगृह आहे. पुळण कोठेच नाही. उतरावयाचे म्हणजे लाटेच्या उंच क्षणी खडकावर उडी टाकावयाची. चित्रकलेच्या मास्तरांनी ती उडी टाकिली नाही. ते होडीतच पालथे पडून होते, आणि त्यांची चित्रवही दिवसभर उघडली गेली नाही.

या खडकांतील गुहांत पाकोळ्या राहतात. चिमणीएवढा हा काळपट पक्षी आपल्या लाळेने गुहेच्या भिंतीस घरटे चिकटवितो. याचे पाय इतके दुबळे की झाडाच्या फांदीवर यास बसता येत नाही. उडावे, नाही तर उभ्या दगडास लटकावे, एवढेच त्यास येते. अशा घरट्यांचे सार चीनमध्ये आवडीने खातात, आणि त्या लोभाने येथील घरटी चोरून नेण्याचे प्रकारही पूर्वी उघडकीस आले आहेत. पण आम्हांस ओढ होती ती निराळ्याच गोष्टीची. गुहेच्या अंधारात हा पक्षी तोंडाने टकटक असा आवाज करीत उडतो, आणि भिंतीवरून परत येणाऱ्या प्रतिध्वनीने वाट ओळखतो. प्रतिध्वनीचा पाठ आम्ही वीस वर्षे शिकविला. हा आवाज एकदाही ऐकिला नव्हता.

पहिल्या गुहेच्या तोंडाशी लाटांचा घोष एवढा होता की दुसरे काहीच ऐकू येईना. जेवणे झाली, दुपार कलली. उत्तरेच्या बाजूस आणखी एक गुहा आहे व तेथे पाणी शांत असते, असे मुलगा म्हणाला. साडेतीनचा सुमार होता. तांडेल म्हणाला, “मास्तरानू, आता फिराक व्हया. पाचाच्या आत खाडयेत शिराक व्हया.”

आम्ही खिशातून चिठ्ठी काढिली. पूर्ण भरती सव्वापाच. म्हणजे साडेसातपर्यंत उंचवट्यावर पाणी असणार. तांडेल चिठ्ठीकडे न पाहता होडीच्या मालकाकडे पाहू लागला. बँकवाले मित्र हसून म्हणाले, “मास्तरांचे गणित आहे, चुकायचे नाही.”

“सर,” मुलगा हळूच म्हणाला, “आज चवथ.”

“तिथी आम्हांस ठाऊक आहे,” आम्ही म्हणालो.

तांडेल पुन्हा बोलला नाही. आम्ही उत्तरेकडील गुहेपाशी गेलो, इंजिन बंद केले, आत न शिरता बाहेरच थांबलो, आणि तो आवाज ऐकिला. कोणी तरी अंधारात सुपारी कातरीत बसले असावे, तसा. येथे खोटे कशास लिहावे? पुढे जे झाले ते होऊनही तो आवाज ऐकिल्याचा आनंद आमच्या मनातून गेलेला नाही. परत फिरावयास साडेपाच वाजले.

सूर्य बुडता बुडता बँकवाल्या मित्रांनी पिशवीतून इन्शुलिनची सुई काढून टोचून घेतली. त्यांस मधुमेह आहे. “अर्ध्या तासात पानावर बसू ना?” असे त्यांनी आम्हांस विचारिले, आणि आम्ही होय म्हणालो.

पाऊण वाजता नव्हे, पावणेसात वाजता आम्ही खाडीच्या मुखाशी आलो, तो समोर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पांढऱ्या फेसाची भिंत. तांडेलाने इंजिन मंद केले, क्षणभर पाहिले, आणि होडी फिरवून बाहेर खोल पाण्यात नांगर टाकिला. आम्ही चिठ्ठी पुन्हा काढिली. चवथ. चारची पाऊणपट तीन. पूर्ण भरती तीन वाजताच होऊन गेली होती. तीन तिथींचा फरक, म्हणजे सव्वादोन तास. भरतीचे कोष्टक हल्ली मोबाइलवरही पाहावयास मिळते. पण जे डोक्यात आहे ते यंत्रात कशास पाहावे, असे वर्गात सांगणारे आम्ही!

मालवणकडे जावे म्हटले तर वाटेत खडक, आणि अंधारात तिकडे होडी नेण्यास तांडेल तयार होईना. घरी मोबाइलवरून निरोप कळविला, आणि पाणी चढण्याची वाट पाहात बसलो. गालील समुद्रावरील वादळाचा पाठ रविवारच्या शाळेत आम्ही पुष्कळदा शिकविला आहे. येथे वादळ नव्हते. आकाश स्वच्छ होते, वारा पडत चालला होता. आमची एक वजाबाकी राहून गेली होती, एवढेच. शांत हो असे कोणास म्हणावे?

आठच्या सुमारास मित्र बोलता बोलता थांबले, मग भलतेच बोलू लागले. डॉक्टरांनी त्यांच्या कपाळास हात लाविला. कपाळ घामाने निथळत होते, बोटे थरथरत होती. सकाळी आणलेले सर्व खाद्य आम्ही दुपारीच संपविले होते. डॉक्टरांनी एकच शब्द उच्चारिला, “साखर.” तो ऐकताच मुलगा नाळेकडे धावला. चुलत्याच्या चहाच्या डब्यात गुळाचा खडा होता. तो त्याने पाण्यात चुरून कालविला, डॉक्टरांनी मित्रांचे डोके धरिले, आणि घोट घोट करून ते पाणी त्यांच्या पोटात गेले. आम्ही कंदील धरून होतो. कंदील हलत होता तो लाटांनी, असे आम्ही त्या वेळी स्वतःस सांगितले.

पाव तासाने त्यांनी आम्हांस ओळखिले. नंतर मुलाने आपल्या दप्तरातून कागदाची पुडी काढिली. जत्रेतून आणलेले खाजे होते. तेही त्यांनी खाल्ले. “मास्तर, हे पान बरे आहे,” असे ते म्हणाले, तेव्हा सर्वजण हसले. आम्हांस हसता आले नाही.

नऊ वाजून गेले. चवथीची कोर पश्चिमेस पाण्यावर टेकली. ओहोटी पुरी झाली होती. होडी नांगराच्या दोरावर जवळजवळ निश्चल होती. मुलगा आमच्या शेजारी येऊन बसला. त्यास पाहून आम्हांस सहामाहीची उत्तरपत्रिका आठवली. भरती-ओहोटीची कारणे सांगा, असा प्रश्न होता. त्याने लिहिले होते : तिथीची पाऊणपट करावी. आम्ही त्यावर तांबडी रेघ मारून शून्य गुण दिला होता.

कोर बुडाली. काळोख झाला. मुलगा म्हणाला, “सर, चंद्र पाणी ओढता म्हणून तुम्ही शिकवल्यात. आता चंद्र बुडालो. मगे पाणी कोण चढयतला?”

वीस वर्षांत हा प्रश्न आम्हांस कोणी विचारिला नव्हता. पुस्तकातील उत्तर आम्हांस येत होते. पण त्या काळोखात ते प्रथमच आमचे आम्हांस खरे वाटले. आम्ही सांगितले, “चंद्र जवळच्या पाण्यास सर्वांत अधिक ओढतो, मधल्या पृथ्वीस त्याहून कमी, आणि पलीकडच्या पाण्यास सर्वांत कमी. म्हणून जवळचे पाणी पृथ्वीच्या पुढे जाते, तसे पलीकडचे मागे राहते. दोन्हीकडे फुगवटा. चंद्र डोक्यावर असता एक भरती, पायाखाली असता दुसरी.”

तो थोडा वेळ गप्प राहिला. “म्हणजे आता येतला ता मागे रवलला पाणी,” तो म्हणाला.

“होय. आणि तुझी पाऊणपट? चोवीस तासांस तीस तिथींनी भाग.”

त्याने बोटांवर हिशेब केला. “अठ्ठेचाळीस मिनटां.”

“चंद्र रोज सुमारे तेवढाच मागे पडतो. पाऊण तास म्हणजे पंचेचाळीस मिनिटे. तुझ्या आज्याने तीन मिनिटे सोडून दिली, कारण त्यास तोंडी हिशेब करावयाचा होता.”

इतके बोलून झाल्यावर, तिथी आम्हांस ठाऊक आहे असे आपण दुपारी म्हटले ते खोटे होते, हेही आम्ही त्यास सांगितले. शिक्षकाने विद्यार्थ्यास असे सांगावे की नाही, याविषयी पालकांचे दुमत असू शकेल. मुलगा काहीच बोलला नाही. तो पाण्याकडे पाहात होता. नांगराचा दोर हळूहळू फिरत होता, आणि होडीचे तोंड समुद्राकडे वळत होते. “इला,” तो म्हणाला.

साडेबारा वाजता तांडेलाने नांगर उचलिला. लाटा अजून फुटत होत्या, पण मधोमध एक काळा पट्टा शांत दिसत होता. त्या पट्ट्यातून त्याने होडी नेली. मागून आलेल्या एका लाटेने आम्हां सर्वांस कमरेपर्यंत भिजविले, चित्रकलेच्या मास्तरांची कोरी वही वाहून गेली, आणि आम्ही खाडीत शिरलो. धक्क्यावर मित्रांच्या पत्नी व तांडेलाची म्हातारी आई बत्ती घेऊन उभ्या होत्या. आम्ही त्या बत्तीच्या उजेडात प्रथम खांब पाहिला. तो पाण्याच्या वर कोरडा होता.

पुढच्या आठवड्यात आम्ही कपाटातून ती उत्तरपत्रिका काढून पाहिली. गुण वाढविले नाहीत. प्रश्न कारणांचा होता, आणि कारण त्याने लिहिले नव्हते. परंतु वार्षिक परीक्षेत त्या प्रश्नास आम्ही एक पोटप्रश्न जोडिला : चतुर्थीस पूर्ण भरती किती वाजता येईल व का? वर्गातील तिघांस तो सुटला. त्या मुलाने कारण बरोबर लिहिले, आणि वेळ लिहिली तीन वाजून बारा मिनिटे. आम्हांस ती दोनदा तपासून पाहावी लागली.