उपडे बूट

घडी घातली की ती वस्तू जाडशा फूटपट्टीएवढी होते. काळं प्लॅस्टिक, वर आकडा, मधे एक खिट्टी. खिट्टी सरकवली की दोन्हीकडून दोन पंजे बाहेर येतात, खेकड्यानं नांग्या पसराव्यात तसे. एकेका नांगीत एकेका बुटाचा घोटा अडकवायचा, तळवा छताकडे, तोंड जमिनीकडे, आणि आकडा दांडीवर टाकायचा. बूट वाळवायचा आणि टांगून ठेवायचा घडीचा हँगर. लेक एडिंबरोला शिकते, तिनं पाठवला. तिथं पाऊस कधीही येतो आणि तरी माणसं डोंगरात जातातच, म्हणून ओल्या बुटांची काही ना काही सोय प्रत्येक घरात असते म्हणे. सोबत चिठ्ठी होती : 'बाबा, बूट फ्रिजमागे कोंबणं आता पुरे.'

फ्रिजमागची जागा मी उगाच निवडली नव्हती. पुण्यातल्या फ्लॅटमध्ये जुलै महिन्यात जिथं जिथं म्हणून थोडी ऊब मिळते, तिथं तिथं मी बूट ठेवून पाहिले आहेत. रविवारी डोंगरात जायचं, रात्री दोन्ही बुटांत मिळून भांडंभर पाणी घरी आणायचं आणि पुढच्या रविवारपर्यंत ते कोरडे होतील अशी आशा करायची, हा गेल्या वीस वर्षांचा पावसाळी नेम. वर्तमानपत्राचे बोळे हा त्यातला सगळ्यात खात्रीचा उपाय. पण त्यातही पंक्तिभेद आहे. पुरवणीचा गुळगुळीत कागद पाण्याला तोंड लावत नाही. रोजच्या अंकाचा खरबरीत कागद मात्र अधाशासारखा पितो. पहिल्या रात्री तीन वेळा उठून बोळे बदलावे लागतात. अग्रलेख सगळ्यात आधी भिजतो, कारण तो मधल्या पानावर असतो आणि मधलं पान मी सगळ्यात पुढं, बोटांच्या जागी कोंबतो.

एकदा घाई होती म्हणून बूट गॅसच्या शेगडीशेजारी ठेवले. सकाळी दिसायला अगदी खडखडीत. पुढच्या रविवारी राजमाचीच्या वाटेवर उजव्या बुटानं जबडा उघडला आणि तळवा निम्मा लोंबू लागला. आच लागली की तळव्याचा डिंक सुटतो, चामडं असलं तर तडकतं, हे तेव्हा कळलं. सुतळीनं तोंड बांधून त्याला खाली आणला. चालताना प्रत्येक पावलाला तो काहीतरी बोलायचा.

तर हँगर. गॅलरीत कपडे वाळत घालायच्या, दोरीनं वरखाली होणाऱ्या दांड्या आहेत. त्यातल्या एकीवर बूट टांगले, दोन पावलं मागे सरलो आणि पाहत राहिलो. तळव्याच्या खाचांतून लाल माती अजून ठिबकत होती. बुटांच्या तोंडातून थेंब खाली ठेवलेल्या घमेल्यात पडत होते, आधी भराभर, मग विचार करत. एका बाजूला माझा सदरा, दुसऱ्या बाजूला आईचं नऊवारी, आणि मधे त्यांच्या खांद्याला खांदा लावून हे दोघं. बूट असा टांगलेला मी आजवर फक्त ट्रकच्या मागे आणि बांधकाम चालू असलेल्या इमारतीवर पाहिला होता, नजर लागू नये म्हणून.

"हे काय उलटे टांगलेस?" आई मागे येऊन उभी राहिली होती.

आईचं वय ऐंशी. चप्पल उलटी पडली की घरात भांडण होतं, हे तिच्या लेखी पाऊस आला की छत्री लागते इतकं साधं आहे. दारातल्या पंधरा चपलांत एखादी उताणी पडली तर ती पायाच्या अंगठ्यानं सरळ करते, आणि हे ती बोलता बोलता, जपाची माळ न थांबवता करते. तिच्यासमोर मी दोन बूट मुद्दाम, आकडा लावून, माणसाच्या डोक्याच्या वर उलटे टांगले होते.

मी म्हटलं, "पादुका नाही का पालखीत ठेवत? आळंदीहून पंढरपूरला जातात त्या काय जमिनीवरून जातात?"

"त्या माउलींच्या," आई म्हणाली. "तुझे पाय काय माउलींचे?"

यावर उत्तर नव्हतं. पण रात्री पडल्या पडल्या सुचलं की बूट उलटे टांगलेले नाहीतच, ते उपडे घातलेले आहेत. मराठीत हे शब्द जवळजवळ ठेवलेले असले तरी एका घरचे नाहीत. उलटं म्हणजे जसं असायला नको तसं. पालथं म्हणजे पोटावर, पालथ्या घड्यावर पाणी ओतलं तर ते जायचंच. आणि उपडं म्हणजे घासून, विसळून, निथळत ठेवलेलं. आई रोज रात्री तांब्या उपडा घालते, पातेली उपडी घालते, आणि त्यानं भांडण होतं असं तिनं कधी म्हटलेलं नाही. पूर्वी बाळंतिणीच्या खोलीत निखाऱ्यांच्या शेगडीवर बांबूची टोपली उपडी घालून तिच्यावर बाळाचे कपडे वाळवत. पावसाळ्यात जन्मलेल्या मुलांच्या दुपट्यांना धुराचा वास असायचा. बूट तरी काय, पाय ठेवायचं भांडंच की.

उपडं घालण्यात शहाणपणही आहे. ओल्या अस्तरातलं पाणी उडू लागलं की बुटाच्या आतली हवा गार होते, आणि गार हवा जड. तोंड वर असेल तर ती पुढच्या टोकात साचून बसते, आडाच्या तळाशी गारवा साचतो तशी. मग वरून पंखा लावा नाहीतर फुंकर घाला, बोटांच्या जागी ओल ती ओलच. तोंड खाली केलं की ती ओली हवा आपसूक सांडते आणि तिच्या जागी दुसरी येते. पण यातही मेख आहे. बाहेरच्या हवेलाच तहान नसेल तर ती पिणार काय? आषाढात हवा पाण्यानं इतकी तुडुंब असते की पापडसुद्धा डब्यात मऊ पडतात. त्या दिवसांत हँगर निम्मंच काम करतो, उरलेलं निम्मं पंखा करतो आणि विजेचं बिल भरणारा करतो.

दुसऱ्या दिवशी आईला उपडेपणाचा हा सिद्धांत ऐकवला. तिनं तो ऐकला आणि म्हणाली, "तुझे वडील ठेवायचे तसेच."

मी विसरूनच गेलो होतो.

वडील दापोलीच्या कृषी विद्यापीठात, भाताच्या प्रक्षेत्रावर कामाला होते. आमचं घर जांभ्याच्या चिऱ्यांचं, पुढं पडवी. पावसाळ्यात ते काळे गमबूट घालून जायचे आणि संध्याकाळी पागोळीखाली उभं राहून, पायातच, ते धुवायचे. आधी डावा, मग उजवा. पागोळी बरोबर नडगीवर पडेल असा पाय धरायचा. मग पडवीच्या कोपऱ्यात जमिनीत ठोकलेल्या दोन बांबूंच्या खुंटांवर ते उपडे घालायचे. संध्याकाळच्या उजेडात दोन आखूड माणसं जमिनीत डोकं खुपसून उभी असावीत तसं दिसायचं. लहान असताना मला त्यांची भीती वाटायची.

गमबूट उभे ठेवले की त्यांची नळी मधेच मोडते, आणि मोडलेल्या जागी रबराला चीर पडते, हे एक कारण. दुसरं कारण सरपटणारं. पाऊस सुरू झाला की बिळांत पाणी शिरतं आणि बिळातली मंडळी कोरडी, काळोखी जागा शोधत घरात येतात. त्यांना बुटाएवढं सोयीचं घर दुसरं नाही. आमच्या बाजूला लाल विंचू. दिसायला एवढासा, पण हृदयावर जायचा. महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांनी रक्तदाबावरचं प्राझोसिन हे औषध या दंशावर वापरून दाखवेपर्यंत कितीतरी घरांतली मुलं त्यानं नेली. म्हणून कोकणात बूट घालण्याआधी झटकतात. हा नियम लिहिलेला कुठं नाही, पण पायांना पाठ आहे. वडिलांचे बूट खुंटावर उपडे असत, तरी तेसुद्धा झटकून घालत.

गमबूट घालून ते बांधावरच फिरायचे, हे मात्र सांगायला हवं. लावणीच्या वाफ्यात उतरताना गमबूट काढूनच ठेवावे लागतात. चिखल नळीला असा धरतो की पाय वर येतो आणि बूट खालीच राहतो. आवण लावणाऱ्या बायका अनवाणीच असत. त्यांच्या पायांच्या बेचक्यांत चिखल्या व्हायच्या आणि रात्री त्या तिथं कोकमाचं तेल भरायच्या. त्यांना बूट वाळवायचा प्रश्न नव्हता.

आईला विचारलं, "मग बाबांचे उपडे बूट तुला कसे चालायचे?"

"तेव्हा काय भांडणं कमी झाली?" ती म्हणाली आणि माळ पुढं ओढली.

इंग्रजांच्या देशात गमबुटाला वेलिंग्टन म्हणतात, हे लेकीमुळे कळलं. वेलिंग्टन म्हणजे आपला आर्थर वेलस्ली. आपला अशासाठी की २३ सप्टेंबर १८०३ रोजी आज जालना जिल्ह्यात असलेल्या असईला तो शिंदे आणि नागपूरकर भोसल्यांच्या फौजेसमोर उभा राहिला. लढाईआधी त्यानं केळना नदी ओलांडली, भाद्रपद-आश्विनाचे दिवस, नदीला पाणी. त्या दिवशी त्याचे बूट कसे वाळले याची नोंद कुणी ठेवलेली दिसत नाही. इतिहासकारांना तोफा मोजायच्या असतात. पुढं लंडनला गेल्यावर त्यानं होबी नावाच्या कारागिराकडून घोट्याशी घट्ट, गुडघ्याखाली संपणारे मऊ चामड्याचे बूट करून घेतले आणि त्याचं नाव त्यांना चिकटलं. रबर नंतर आलं. १८५३ मध्ये हायरम हचिन्सन या अमेरिकनानं फ्रान्सात रबरी बूट करायला घेतले, आणि १८५६ मध्ये नॉर्थ ब्रिटिश रबर कंपनी उभी राहिली ती नेमकी एडिंबरोत. पहिल्या महायुद्धात खंदकांत गुडघाभर पाण्यात उभं राहून शिपायांचे पाय सडू लागले तेव्हा याच कंपनीनं त्यांच्यासाठी दहा लाखांच्या वर जोड केले. लेक ज्या रस्त्यानं कॉलेजला जाते त्याच भागात हा कारखाना होता. तिला हे सांगितलं तर म्हणाली, "बाबा, हँगर वापरतोस की नाही ते सांग."

वापरत होतो. नुसता वापरत नव्हतो, तपासत होतो. रविवारी रात्री जोडाचं वजन एक किलो ९४० ग्रॅम. मंगळवारी सकाळी दीड किलोच्या खाली. कोरडा जोड एक किलो १८० भरतो हे मला ठाऊक होतं, म्हणजे अजून पावशेराहून जास्त पाणी अस्तरात दडून होतं. हे आकडे मी एका वहीत लिहीत होतो, तेवढ्यात बायको स्वयंपाकघरात आली.

"ज्या काट्यावर मी मैदा मोजते, त्या काट्यावर?"

मी खाली पेपर अंथरल्याचं दाखवलं. त्यानं काही फरक पडला नाही. मग फ्रिजमागचे दिवस निघाले, राजमाचीची सुतळी निघाली, वॉशिंग मशिनमध्ये एकदा टाकलेल्या गेटरचा विषय निघाला, आणि शेवटी तो विषय निघाला जो आमच्याकडे दर पावसाळ्यात शेवटी निघतो, की या वयात दर रविवारी जायलाच हवं का. आतल्या खोलीत माळ थांबल्याचं ऐकू आलं. आई दारात येऊन उभी राहिली, काही बोलली नाही, फक्त गॅलरीकडं बघितलं आणि परत गेली.

बुधवारी मी माळ्यावरचा जुना जोड काढला, म्हटलं हे वाळेपर्यंत तो घालू. तो महाग म्हणून जपलेला, चारदोनदाच वापरलेला, सात वर्षं डब्यात. हातात घेतला आणि टाचेचा तुकडा बिस्किटासारखा गळून पडला. या बुटांच्या तळव्यात जो फेसाळ थर असतो, तो पॉलियुरेथेनचा. हवेतली ओल त्याला आतून, सावकाश फोडते. वापरा की नका वापरू. डब्यात हवा कोंडलेली, म्हणून त्याचं आणखी लवकर झालं. बायकोला हे दाखवलं असतं तर 'मग वापरायचे होते' म्हणाली असती, आणि ते बरोबरच होतं. भुगा झाडून डब्यासकट बूट जिन्याखाली नेऊन ठेवले. हँगर त्याच संध्याकाळी धुऊन, पुसून, पुन्हा दांडीवर लावला. पंखा ओढून गॅलरीच्या दारात आणला.

शुक्रवारी ऊन पडलं, सव्वा तास. शनिवारी पुन्हा धरून आलं.

रविवारी पहाटे साडेचारला दिवा न लावता गॅलरीत गेलो. बूट चाचपडत नांगीतून सोडवले, खिट्टी सरकवून हँगरची घडी घातली आणि पिशवीत टाकली. मुक्कामाला गेलो तर तिथंही लागेल. दाराशी बसून नाडी सैल करत होतो तोच आतून आवाज आला.

"झटकून घाल रे."

"आई, तिसऱ्या मजल्यावर टांगलेले होते."

"झटक म्हणते ना."

झटकले. डाव्यातून काही नाही. उजव्यातून, अगदी टोकातून, सोमवारच्या पेपरचा एक बोळा निसटून फरशीवर पडला, भिजून गोळा झालेला. आत बोटं घातली. तिथं अजून गार होतं. तसाच चढवला.