स्वारगेटहून वाणाच्या शोधात

मार्गशीर्ष सरत आला की पुण्यात घरोघरच्या बायकांस संक्रांतीच्या वाणाची काळजी लागते. तिळगुळाचा प्रश्न नसतो. तो घरी होतो. परंतु हळदीकुंकवास येणाऱ्या पन्नास-साठ जणींच्या हाती काय ठेवावयाचे, यावर संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंतचे सारे मानापमान अवलंबून असतात. आमचे घर एकत्र आहे. थोरल्या वहिनींच्या वहीत यंदा बासष्ट नावे झाली. पूर्वी ती चव्वेचाळीस असत. वाढलेल्या नावांत आळीतील विधवा भगिनींचीही नावे आहेत. त्यांस वगळून हळदीकुंकू करावयाचे नाही असे घरातील सुनांनी ठरविले, आणि वहिनींनी, जरा वेळ लावून का होईना, ते मान्य केले. असो. ही बासष्ट वाणे हातची आणावयाची, कारखान्यातील नव्हेत, असा यंदा बेत ठरला आणि सवडीचा मनुष्य म्हणून पिशव्या धरण्याचे काम माझ्याकडे आले. त्या हिंडण्यात जे पाहिले ते वाचकभगिनींच्या उपयोगी पडेल असे वाटल्यावरून हे लिहीत आहे.

आम्ही राहतो स्वारगेटच्या बाजूस. या नावाची फोड आमच्या शाळेतील मुले 'स्वर्गाचे दार' अशी करीत. सणासुदीस तेथील एस.टी. स्थानक पाहिलेल्या कोणासही ती पटण्यासारखी नाही. शहराच्या या दक्षिण टोकास घोडेस्वारांची चौकी होती, त्यावरून 'स्वार' आणि 'गेट' या दोन भिन्न कुळींच्या शब्दांचा विवाह लागला, असे सांगतात. खरेदीच्या दृष्टीने मात्र ही जागा मोठी सोयीची. साताऱ्याच्या, सांगलीच्या, कोल्हापूरच्या गाड्या येथे येऊन थांबतात, आणि 29 सप्टेंबर 2024 पासून येथून भुयारी मेट्रोही सुटू लागली आहे. मंडई आणि कसबा पेठ ही तिची पुढची दोन स्थानके. शिवाजी रस्त्याच्या गर्दीतून धक्के खात जाण्यात ज्यांचा अर्धा उत्साह संपत असे, अशा माझ्यासारख्यांवर हे मोठेच उपकार झाले आहेत.

वाण हा शब्द संस्कृतातील 'वायन' या शब्दापासून आला. व्रतात किंवा उत्सवात अर्पण करावयाचा खाऊ, असा त्याचा मूळ अर्थ. आपल्याकडे त्यास 'लुटणे' हे क्रियापद जोडले गेले, हे मला विशेष वाटते. वाण देत नाहीत, वाण लुटतात. म्हणजे मोजमाप न करता उधळून टाकतात. संक्रांतीस 'आवा लुटणे' अशीही एक चाल पूर्वी होती. आवा म्हणजे कुंभाराची भट्टी. कुंभाराकडून भट्टीभर मडकी घ्यावयाची आणि ती सुवासिनींस वाटून टाकावयाची. भट्टीभर घेतली म्हणजे त्यात चांगली-वाईट सर्वच आली. एकेक मडके उलटेपालटे करून दोन पैसे कमी करण्यास तेथे जागाच राहत नसे.

आता घरातील वादाकडे येतो. धाकट्या सुनेचे म्हणणे असे की घाऊक बाजारात वीस रुपयांस एक याप्रमाणे झाकणाचे प्लॅस्टिकचे डबे मिळतात. बासष्टांचे बाराशे चाळीस रुपये झाले आणि काम संपले. हिशेब चोख होता. तिला एवढेच विचारले की गेल्या वर्षी आपल्याकडे आलेल्या तसल्या डब्यांचे काय झाले? ती हसली. ते डबे माळ्यावर होते, आणि त्यातील काही यंदा दुसऱ्या कोणास देता येतील म्हणूनच ठेवलेले होते. या घरचे वाण त्या घरी, त्या घरचे तिसऱ्या घरी, असे हे डबे वर्षानुवर्षे शहरात हिंडत असतात. माझी तर शंका आहे की एखादा डबा दाता न बदलताच आमच्याकडे दोनदा येऊन गेला असावा.

तुळशीबागेत आम्ही फार वेळ घालविला नाही. तेथे सर्व काही मिळते, म्हणूनच तेथे हातचे कोणते आणि साच्याचे कोणते हे निवडणे कठीण. भातुकलीची भांडी तेवढी नातींसाठी घेतली. तेथून आम्ही पूर्वेकडील पेठांतील बुरूड आळीत गेलो.

बुरुडाचे काम पाहण्यासाठी थोडे उभे राहावे. अखंड कळक उभा चिरून त्याच्या कामट्या काढतात, त्या कोयत्याने तासून कागदासारख्या पातळ करतात, पाण्याने ओल्या ठेवतात, आणि मग तळापासून विणीस आरंभ होतो. काठाशी आल्यावर विणकाम बांधून घेणे हा खरा कसोटीचा भाग; परडी पुढे सुटते ती नेहमी काठाशीच सुटते. म्हणून घेताना तळ पाहू नये, काठ पाहावा, आणि आतून हात फिरवून कामटीची कूस कोठे लागत नाही ना ते पाहावे. रंग लावलेली परडी दिसावयास चांगली, पण रंगाखाली जुना किंवा किडलेला कळकही खपून जातो; तेव्हा बिनरंगी घेणे बरे. सूप, रोवळी, दुरडी, परडी ही नावे आमच्या सुनांस ठाऊक होती, पण कोणती कोणत्या कामाची हे त्या दुकानातल्या बाईंनीच त्यांस सांगितले.

येथे एक गोष्ट मध्येच सांगणे प्राप्त आहे. आमच्या थोरल्या वहिनी हलव्याचे दागिने करतात. प्रथम घरापुरते करीत. गेली काही वर्षे मागणीप्रमाणे करून देतात. नव्या सुनेच्या पहिल्या संक्रांतीस किंवा बाळाच्या बोरन्हाणास लागणारे हे दागिने पाहणाऱ्यास साखरेचे खेळणे वाटते. परंतु तीळ किंवा खसखस परातीत घेऊन, मंद आचेवर, चमच्याचमच्याने पाक सोडीत, बोटांनी सतत हलवीत राहावे लागते, तेव्हा कोठे काटा धरतो. हवा दमट असली तर धरतच नाही. एका हलव्यास दोन-तीन दिवस जातात. मग तो दोऱ्यात ओवून बांगड्या, हार, बिंदी करावयाची. बोटांच्या टोकांस पोळल्याचे डाग राहतात. गेल्या वर्षी एका बाईंनी दागिन्यांची किंमत ऐकून, ''अहो, साखरच तर आहे!'' असे म्हटले होते. वहिनींनी त्या बाईंस काही उत्तर दिले नाही, पण त्या रात्री त्या जेवल्या नाहीत, हे घरातील सर्वांस ठाऊक आहे.

बुरूड आळीतील बाईंनी लहान परडीचे चाळीस रुपये सांगितले. वहिनी लगेच म्हणाल्या, ''बासष्ट घेणार आहोत आम्ही, पंचवीसने लावा.'' वाईट हेतू काही नव्हता. बाजारात गेले की पहिला आकडा खोटाच असतो, या समजुतीत आपल्या सर्वांचे आयुष्य गेले आहे. त्या बाईंच्या हातातील काम थांबले नाही. त्या एवढेच म्हणाल्या, ''वखारवाला कळकाचा भाव सोडत न्हाई, वैनी. मग कमी करायचं ते माझ्या हाताचंच ना?''

वहिनी थोडा वेळ त्यांच्या हातांकडे पाहत राहिल्या. मग पिशवीतून वही काढून त्यांनी नावे पुन्हा एकदा मोजली, बासष्टच आहेत याची खात्री केली, आणि चोवीसशे ऐंशी रुपये मोजून दिले. परतताना धाकटीने जास्तीच्या बाराशे चाळीस रुपयांची तोंडमिळवणी कोठून करावयाची ते विचारले. त्या दिवशी समारंभास बाहेरून खाणे मागविण्याचे ठरले होते, ते रद्द करून घरी वाटली डाळ आणि पन्हे करू, असे वहिनींनी सांगितले. पौषात कैरी कोठून आणणार, असे कोणी विचारले, तेव्हा पन्ह्याचे कोकम सरबत झाले.

माहेरवाशिणींसाठी तांब्याची भांडी घ्यावयाची होती, म्हणून आम्ही कसब्यातील तांबट आळीत गेलो. पेशवाईत कोकणातून आलेले तांबट येथे राहिले आणि वाड्यांतील भांड्यांपासून दरबारच्या कामापर्यंत सर्व त्यांच्या हातचे होत असे. आळीत शिरण्यापूर्वी ती कानांनी ओळखता येते, असे जुने लोक म्हणत. आज आवाज पुष्कळ कमी झाला आहे. भांड्यास आकार देण्याचे काम बरेचसे यंत्राने होते. परंतु मठारणे अजून हातचे आहे. हातोडीचे ठोके एकास एक लागून, वर्तुळाकार फिरत जातात. त्यांनी भांड्यास चकाकी येते हे सर्वांस दिसते, पण ठोक्यांनी पातळ पत्रा कठीण होतो आणि भांड्यास सहजासहजी पोचा पडत नाही, हे त्याचे खरे प्रयोजन. नकली मठार साच्यातून उमटविलेला असतो. ओळखण्याची युक्ती अशी की भांडे उजेडात धरून हळूहळू फिरवावे. हातच्या ठोक्यांत एकसारखेपणा असतो, पण दोन ठोके अगदी जुळे नसतात. तांब्याच्या भांड्यास कल्हई नसेल तर त्यात पाणी ठेवावे, ताक, लोणचे किंवा आमटी ठेवू नये. आंबट पदार्थ तांब्यात कळकतो. येथे भाव वजनावर आणि वर मजुरी असा सांगतात. वजनाचा भाव बाजाराचा असल्यामुळे घासाघीस करणारे मजुरीवरच घाव घालतात. आमच्या वहिनींनी या खेपेस वजन तेवढे नीट पाहून घेतले.

डिसेंबरच्या उत्तरार्धात शिवाजीनगरास सिंचननगरच्या मैदानावर भीमथडी जत्रा भरते, तिचाही उल्लेख केला पाहिजे. बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने ती सुरू केली. भीमेच्या काठचा मुलूख तो भीमथडी. मराठ्यांच्या घोडदळातील तट्टांमुळे हे नाव इतिहासात राहिले. बचत गटांच्या स्त्रिया येथे आपला माल घेऊन स्वतः बसतात, ही मोठी गोष्ट. हातशिवणीच्या गोधड्या आम्हास फार आवडल्या. गोधडी घेताना उलटी करून पाहावी. हातचा धावदोरा दोन्ही बाजूंस दिसतो आणि कोठेतरी किंचित वाकतो. तसेच येवल्याच्या किंवा पैठणच्या हातमागावरील अस्सल पैठणीचा पदर मागून पाहिला तरी नक्षी तशीच स्वच्छ दिसते. सोलापुरी चादर उत्तम खरी, परंतु ती आज बहुतांशी यंत्रमागावरची आहे. हातची म्हणून कोणी जास्त दाम मागितले तर देण्याचे कारण नाही. जत्रेतील निम्मी गर्दी मात्र झुणकाभाकरीपाशी असते. भाकरीबद्दल माझी तक्रार नाही. पण मुलांना घेऊन आलेले पुष्कळ लोक खाऊन परत जातात आणि पलीकडच्या रांगेतील विणणाऱ्या बाईंकडे ढुंकूनही पाहत नाहीत.

येथेच कोल्हापुरी वहाणांचा गाळा होता. या वहाणांस 2019 साली भौगोलिक निर्देशन मिळाले. महाराष्ट्रातील चार आणि कर्नाटकातील चार जिल्हे त्यात येतात. जून 2025 मध्ये इटलीतील मिलान शहरी प्राडा या प्रसिद्ध कंपनीने जवळजवळ तशाच वहाणा आपल्या म्हणून मिरविल्या, इकडून ओरड झाल्यावर मूळ कोणाचे ते कबूल केले. त्या वेळी आपण सर्वच संतापलो होतो. गाळ्यावर माझ्या पुढे उभे असलेले एक गृहस्थ त्याच प्रकरणाची चर्चा करीत होते आणि त्याच दमात त्या कारागिरास शंभर रुपये कमी करावयास सांगत होते. वाणात वहाणा देत नाहीत, म्हणून मी जावयांसाठी दोन जोड घेतले.

राहिली सुगडे. 'सुघट' या शब्दाचे हे प्राकृत रूप, म्हणजे चांगला घट. कसब्यातील कुंभारवाड्यात आणि मंडईच्या बाहेरील रस्त्यांवर ती संक्रांतीपूर्वी चार-सहा दिवस मांडलेली असतात. मुंढव्याजवळ केशवनगरातही कुंभारांची मोठी वस्ती आहे. सुगड बोटाच्या पेराने वाजवून घ्यावे. चांगले भाजलेले खणखणते, तडा गेलेले बद्द वाजते. त्यात हरभऱ्याचे घाटे, बोरे, गाजर, उसाची पेरे, गव्हाच्या ओंब्या आणि तीळ भरावयाचे असल्यामुळे तोंड फार अरुंद नसावे. ती आधी आणून ठेवली तर घरातील मुले निदान दोन फोडतातच, तेव्हा भोगीच्या दिवशी सकाळी आणावीत. स्वारगेटहून मंडईस पोहोचावयास फार वेळ लागत नाही. मात्र येताना डब्यात बसावयास जागा मिळेलच असे नाही, म्हणून बरोबर दोघे असावेत आणि सुगडे कळकाच्या दुरडीत, खाली गवत घालून आणावीत.