घसरती चटई

आमच्या सोनपेठेतल्या घरात गालिचा अंथरलेला आहे, हे ऐकून परगावच्या मंडळींच्या भुवया उंचावतात. परभणी जिल्ह्यातले तालुक्याचे गाव, भोवती काळी जमीन, दिवाळीत दारोदार वेचणीचा कापूस, आणि तिथे एका निवृत्त शिक्षकाच्या घरी बारा फूट बाय नऊ फुटांचा लोकरी गालिचा! पण त्यात आमच्या श्रीमंतीचा भाग काही नाही. १९४८ पर्यंत आमचा मुलूख हैदराबाद संस्थानात होता, आणि वरंगळ त्याच संस्थानात. वडिलांनी कधीकाळी तिकडून तो आणला, आणि पुढे पन्नास-साठ वर्षे तो माळ्यावर कडुनिंबाच्या पाल्यात झोपून राहिला.

तो खाली उतरला तीन वर्षांपूर्वी. आमच्या कुटुंबाचा पाय न्हाणीत घसरला, खुब्याचे हाड मोडले आणि शस्त्रक्रिया झाली. हाड जुळले, पण मनात भीती बसली ती बसलीच. शहाबादी फरशी दिसली की ती जागच्या जागी थबके. डॉक्टरांनी सांगितले होते की, घरात सैल सतरंज्या, पायपुसणी काही ठेवू नका, त्यांत पाय अडकतो. म्हणून मी हा वजनदार गालिचा खोलीभर पसरला आणि त्याच्या कडा दिवाण, कपाट, टीव्हीचे टेबल यांच्याखाली पक्क्या दाबून टाकल्या. तेव्हापासून तिचा संचार, वॉकर धरून, त्या गालिच्यापुरता. गालिचा संपला की जग संपले.

अशा या घरात गेल्या दिवाळीत आमची पुण्याची नात नाचायची चटई घेऊन आली.

वाचकांपैकी ज्यांच्या घरी नातवंडे आहेत त्यांना ही वस्तू ठाऊक असेल. इतरांसाठी सांगतो. सुमारे तीन फुटी प्लॅस्टिकची घडीची चटई, तिच्यावर चार दिशांना चार बाण. ती टीव्हीला जोडलेल्या डबीत जोडायची. गाणे सुरू झाले की पडद्यावर खालून वर बाण सरकू लागतात, आणि ज्या दिशेचा बाण माथ्याला पोहोचेल त्या दिशेच्या बाणावर त्याच क्षणी पाय पडला पाहिजे. मूळ खेळ जपानचा. कोनामी नावाच्या कंपनीने तो १९९८ मध्ये खेळघरांतून आणला आणि पुढच्या वर्षी घरच्या टीव्हीवर. अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया राज्याने तर २००६ मध्ये तो शाळांतून व्यायामासाठी बसवायचे ठरवले होते. आमच्या वेळी शाळेत व्यायाम म्हणजे उठाबशा, आणि त्याही बहुधा शिक्षा म्हणून!

गंगाखेडला गाडीतून उतरून पोरगी घरी आली ती चटई काखेत मारूनच. आजी आजारी पडल्यापासून तिचे येणे तुटले होते. आली तरी कोपऱ्यात फोन घेऊन बसे. आजीशी काय बोलावे तिला कळत नसे आणि आजीलाही. या वेळी मात्र आल्या आल्या तिने चटई अंथरली आणि दोन्ही पायांनी ती लाह्यांसारखी फुटू लागली. मला बरे वाटले. घरात इतका आवाज कित्येक दिवसांत झाला नव्हता.

तिसऱ्या गाण्याला चटई कपाटापर्यंत पोहोचली होती. पोरीची नजर पडद्यावर. पायाखालचा बाण तीन वीत सरकलाय हे तिला काय ठाऊक? तिने उडी घेतली, चटई पुढे गेली, पोरगी मागे, आणि हनुवटी कपाटाच्या कडेवर. लागले थोडेच, पण रक्त आले. त्याहून वाईट म्हणजे ते दिवाणावरून आजीने पाहिले. ती अशी किंचाळली की शेजारचे लोक दारात आले. कितीतरी वेळ तिचे हात थरथरत होते.

"गुंडाळा ते! आत्ताच्या आत्ता. माझ्या घरात पुन्हा कुणी पडायचं नाही."

पोरगी रडली नाही. तिने चटईची घडी घातली, पिशवीत ठेवली आणि मला हळूच विचारले, "आबा, पुण्याची गाडी उद्या किती वाजता आहे?"

त्या रात्री मला झोप लागली नाही. चाळीस वर्षे मुलांना घर्षण शिकवले, आणि आता घरातली एक चटई धरून ठेवता येत नाही?

"गालिचाच उचला की!" असे कुणीही म्हणेल. पण गालिचा उचलणे म्हणजे कुटुंबाच्या पायाखालची जमीन काढून घेणे. तो विषय मी काढलाच नाही.

सकाळी नातीला दोन दिवसांची मुदत मागून घेतली आणि कामाला लागलो. पहिल्यांदा चटईच्या चार कोपऱ्यांवर शब्दकोशाचे खंड ठेवले. शब्दकोश जागचे हलले नाहीत, चटई मात्र त्यांच्याखालून मजेत निसटली. मग फडताळात घालायची जाळीदार रबरी चादर आणून खाली घातली. फरशीवर ती घोरपडीसारखी चिकटे, गालिच्यावर तिचे काही चालेना. कारण मग लक्षात आले. पाय काही सरळ खाली पडत नाही. डाव्या बाणावरून उजव्यावर जाताना तो चटईला बाजूलाही रेटतो. फरशी त्या रेट्याला विरोध करते. गालिच्याचे उभे लोकरी धागे मात्र गवतासारखे वाकतात आणि रबरासकट चटईला पुढे सोडतात. प्रत्येक उडीला बोटभर. शिवाय मऊ जमिनीवर चटईला सुरकुत्या पडतात. तिच्या पोटात दोन वीजवाहक थर असतात आणि मध्ये भोकांचा फोम; पाय पडला की थर भोकातून टेकतात. सुरकुती पडली की ते पायावाचूनच टेकतात, आणि न नाचता नाचल्याची नोंद होते.

तिसरा प्रयोग सांगायला लाज वाटते. बुटांच्या पट्ट्यांना असते ती काटेरी चिकटपट्टी चटईच्या पाठीला शिवली. चटई अशी पकडली गेली की वा! पण काढताना वडिलांच्या गालिच्याच्या तांबड्या किनारीतून बदामाएवढा लोकरीचा पुंजका हाती आला. तो मी खिशात लपवला. कुटुंबाने पाहिले. ती काही बोलली नाही, आणि ते बोलण्यापेक्षा वाईट होते.

शेवटी गावातल्या सुताराकडे गेलो. तो म्हणाला, "गुरुजी, कशाला जिवाला त्रास करून घ्यायलात? प्लाय टाका की खाली." बारा मिलिमीटर जाडीचे, आठ बाय चार फुटांचे अखंड प्लायवूड, कडा घासून गुळगुळीत केलेले, त्याने हातगाडीवर आणून दिले. वजन वीस किलोच्या वर. त्याच्या पुढच्या अर्ध्या भागात चटई ताणून दुतोंडी चिकटपट्टीने बसवली. सुरकुत्यांचा प्रश्न मिटला. पोरीने एक गाणे नाचून पाहिले. फळी सरकली, पण चार बोटेच.

"चार बोटं म्हणजे चार गाण्यांना पुन्हा कपाट," मी म्हणालो आणि खाली बसलो.

तेव्हा दिवाणावरून आवाज आला. तीन दिवसांत या विषयावरचा पहिलाच.

"पाटा वाटताना सरकत नाही, तो का?"

"का?"

"जड असतो म्हणून. एवढं शिकलात, पण वाटण कधी वाटलं नाही. मागच्या मोकळ्या भागात वजन ठेवा. ज्वारीचं पोतं ठेवा."

ज्वारीचे पोते आणायला मी उठलोही होतो. पण नात म्हणाली, "पोतं कशाला? आजी, तूच बस ना मागे. खुर्ची ठेवते."

खोली शांत झाली. मी कुटुंबाच्या तोंडाकडे पाहायचे टाळले. फळी म्हणजे गालिचा नव्हे. गुळगुळीत लाकूड, बोटभर उंच. थोड्या वेळाने वॉकरचा ठकठक आवाज झाला. फळीच्या कडेशी तो थांबला. पोरीने एक हात धरला, मी दुसरा धरायला गेलो तर म्हणाली, "तुम्ही खुर्ची धरा." शिसवीची जुनी खुर्ची, त्यावर आमचे कुटुंब, आणि पुढे नात. गाणे सुरू झाले. फळी थरथरली, खुर्ची थरथरली, आजीने दोन्ही हात घट्ट धरले. गाणे संपल्यावर मी खडूची खूण पाहिली. फळी तसूभरही हललेली नव्हती.

पुण्याची गाडी मग भाऊबीजेनंतरवर गेली. आजी जाग्यावर नसेल तर खेळ बंद, असा कडक नियम झाला, त्यामुळे पोरगी सकाळी उठल्याबरोबर आजीला खुर्चीत नेऊन बसवी. पाठमोऱ्या पोरीच्या वेणीकडे आणि पडद्यावरच्या बाणांकडे पाहता पाहता आजीला खेळ समजू लागला, आणि मग चुका काढणे ओघानेच आले.

भाऊबीजेच्या संध्याकाळी मी चहा टाकायला आत गेलो होतो. बाहेरून पावलांच्या धपधपाटात एक वेगळाच टकटक आवाज येऊ लागला. येऊन पाहतो तो मांजर हाकलायच्या वेळूच्या काठीच्या टोकाला फडके बांधलेले, आणि खुर्चीत पुढे वाकून आमचे कुटुंब मागचा बाण टोचत आहे.

"आजी, उशीर केलास! माझे गुण गेले."

"गेले तर गेले. तुझी वेणी मध्ये येते, मला काय दिसणार?"

"आबा, खुर्ची जरा डावीकडे घ्या ना."

मी चहा खाली ठेवला आणि खुर्ची धरायला गेलो. पण ती तोवर उठून उभी राहिली होती, एका हातात काठी आणि दुसरा पोरीच्या खांद्यावर.

"तुम्ही चहा बघा, उतू चाललाय," ती म्हणाली.