वाळवीचा उन्हाळा

आमच्या बेळगावच्या घरात माजघरात भिंतीलगत अण्णांची लाकडी पेटी असे. अण्णा मराठी शाळेत मास्तर. खेड्यापाड्यांतून बदल्या होत, तेव्हा कानावर पडलेले कानडी शब्द ते देवनागरीत लिहून ठेवत, समोर मराठी अर्थ. पुढं ते सगळे अकारविल्हे लावून त्यांनी सहा वह्या केल्या. त्या या पेटीत.

१९९४ च्या मार्चमध्ये भिंतीवर मातीच्या रेघा दिसल्या. मी त्या खरवडल्या, भेगांत रॉकेल ओतलं. मे अर्धा सरला तरी एक रेघ उमटली नाही. वाळवी संपवली, असं मी घरभर सांगत सुटलो. शेजारचे अज्जा जन्मभर शेतीत राबलेले. अंगणातली माती टाचेनं उकरत म्हणाले, "सत्तिल्ल, केळग होग्याव." मेलेली नाहीत, खाली गेलीत. मी हसलो.

वाळवीची कातडी इतकी पातळ, की तापलेल्या कोरड्या मातीत ती सुकून मरते. म्हणून तर बोगदे करून, ओल राखून चालते. उन्हाळ्यात वरची माती भाजते, पण दीड हात खाली दिवस-रात्रीचा फरक जवळजवळ उरत नाही. विहिरीचं पाणी उन्हाळ्यात गार, थंडीत कोमट लागतं ना, तसंच. थंडीत आमच्याकडे तिची माती दिसे ती न्हाणीघराच्या भिंतीला, पलीकडे बंब पेटे तिथं. हे वर्षानुवर्षं बघूनही मला काही सुचलं नव्हतं.

आणि भर मे महिन्यात आमच्या घरात गार जागा कोणती? माजघराची सारवलेली जमीन. दुपारी आम्हीही तिथंच आडवे व्हायचो. पेटीपासून चार हातांवर.

जूनमध्ये पहिला पाऊस पडला आणि संध्याकाळी दिव्याभोवती पंखवाल्या वाळवीची झुंबड उडाली. मनात चरकलं. पेटी उचलली, तर तळ जमिनीलाच चिकटून राहिला. खालच्या चार वह्यांची माती झाली होती. वरच्या दोन वाचल्या, त्या 'प'पासून पुढच्या. 'गेद्दलु' म्हणजे वाळवी. तो शब्द खालच्या वह्यांत होता.

अण्णा मला काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी मी पेटी चार विटांवर ठेवली, भिंतीपासून हातभर दूर. अण्णा कोरी वही घेऊन अज्जांच्या कट्ट्यावर जाऊन बसले होते.