बेणणी

पूर्वी आमच्या कोकणात पाऊस ओसरला की कलमबागेत दहा-बारा गडी कोयत्यानं बेणणी करत. आता माणसं मिळत नाहीत. एकटा काका खांद्याला पट्टा अडकवून ग्रासकटर चालवतो.

पेट्रोलात ऑइल मापानंच; आमच्या मशीनला लिटरमागे 40 मिली. "ऑइलात काटकसर केलीस तर पिस्टन जाम झालाच म्हणून समज," तो म्हणतो. टाकी भरायची ती मशीन गार झाल्यावर. तोवर विडीसुद्धा लांब. संध्याकाळी एअर फिल्टर साफ करायचा.

पण त्याला खरी धास्ती जांभ्याच्या खड्यांची. पात्याला लागलेला खडा छऱ्यासारखा सुटतो. म्हणून आधी दगड वेचायचे, चष्मा नि गमबूट घालायचे. पन्नास फुटांत कुणी नको. वेल गुंडाळला तर मशीन बंद, प्लगची टोपी काढायची, मगच हात. शेजारच्या वाडीतल्या एकानं चालू मशीनमध्ये हात घातला, दोन बोटं गेली.

गडी असताना एकाला लागलं तर नऊ जण धावत. आता जवळ कुणी जायचं नाही, आणि आवाजात हाकही ऐकू येत नाही. काकी मात्र लांब बांधावर बसून असते. मशीन थांबलं, की उठून उभी राहते.