वाडग्यात काय घालू?

रिपोर्टवर एचबीएवनसी 7.4 निघालं. शेजारी बारीक अक्षरांत मर्यादा छापल्या होत्या: 5.7च्या खाली नॉर्मल, 6.5 आणि त्यापुढे मधुमेह. माझं वजन 52 किलो. गोडाची मला ओढ नाही, चहातही साखर नावालाच. मग हे माझ्याच वाट्याला का, असं मी डॉक्टरांना विचारलं.

त्यांनी मला पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्याबद्दल सांगितलं. 2004 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि त्यांच्या एका ब्रिटिश सहकाऱ्याचा फोटो शेजारी शेजारी छापून आला होता. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, 22.3. पण ब्रिटिश डॉक्टरांच्या अंगात चरबी 9.1 टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात 21.2 टक्के. बारीक दिसणाऱ्या भारतीय माणसाच्या पोटात अशी चरबी दडलेली असू शकते आणि ती इन्शुलिनला नीट काम करू देत नाही. "तेव्हा तुम्हाला वजन उतरवा असं सांगून काही उपयोग नाही," डॉक्टर म्हणाले. "ताटातला स्टार्च बघू या. सकाळी काय खाता?"

सकाळी मी कॉर्नफ्लेक्स खात होते. डोंबिवलीहून सात एक्केचाळीसची लोकल पकडायची, मुलाचा डबा, सासूबाईंची औषधं, त्यात स्वतःसाठी गॅसपाशी उभं राहायला वेळ कुठून आणायचा? वाडगा भरायचा, दूध ओतायचं, संपलं. डॉक्टरांनी तेच खाऊन रक्तातली साखर मोजायला सांगितलं. साबणाने हात धुवायचे (बोटाला फळाचा रस लागलेला असेल तरी आकडा फुगतो), बोटाच्या मधोमध न टोचता कडेला टोचायचं आणि पहिल्या घासापासून दोन तास धरायचे. आकडा आला 214. माझ्यासाठी त्यांनी ठरवून दिलेली मर्यादा होती 180.

वरून साखरेचा एक दाणाही घातलेला नव्हता. मला कळेचना. मग आहारतज्ज्ञ बाईंनी समजावलं. शंभर ग्रॅम कॉर्नफ्लेक्समध्ये साधारण 84 ग्रॅम कार्बोहायड्रेट असतं. मका आधी शिजवलेला, मग चेपलेला, मग भाजलेला. त्यातला स्टार्च इतका मोकळा झालेला असतो की पोटात जाताच त्याची साखर होऊ लागते. टोरोंटो विद्यापीठातल्या डेव्हिड जेन्किन्स आणि सहकाऱ्यांनी 1981 साली ग्लायसेमिक इंडेक्स नावाची मोजपट्टी मांडली. त्यात ग्लुकोजला 100 धरलं तर कॉर्नफ्लेक्स 80च्या आसपास जातात. शिवाय पहाटे अंगात कॉर्टिसोल आणि ग्रोथ हॉर्मोन वाढलेलं असतं. त्यामुळे यकृत आपणहून साखर सोडतं आणि इन्शुलिनचा जोर कमी पडतो. म्हणजे मधुमेह्याने पिठूळ पदार्थ खायला सकाळ ही सगळ्यात अवघड वेळ, आणि आपला सगळा नाश्ता तर त्यावरच उभा आहे: पोहे, उपमा, शिरा, इडली, ब्रेड.

माझ्या मधुमेहाची बातमी पसरली तसे सल्ले सुरू झाले. ओट्स खा. नाचणीचं सत्त्व घे. म्युस्ली छान, त्यात सुकामेवा असतो. नुसती फळं खा. प्रत्येक जण मायेनेच सांगत होता आणि प्रत्येकाचं दुसऱ्याशी जुळत नव्हतं. नाचणीबद्दल मला फार आशा होती, कारण माझी आई ती आयुष्यभर खात आली. नाचणीत कॅल्शियम भरपूर, शंभर ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या घरात, हे खरंच आहे. पण ते धान्यच आहे, दोन तृतीयांश भाग कार्बोहायड्रेटचा. त्यात सत्त्व म्हणजे भिजवून, वाटून, गाळून चोथा काढून टाकलेला अर्क. तो पातळ शिजवून प्यायले तर मीटरवरचा आकडा कॉर्नफ्लेक्सच्या जवळपास गेला. नाचणीची भाकरी भाजीबरोबर खाणं वेगळं.

ओट्सचं त्याहून गुंतागुंतीचं. एकाच फळीवर तीन तऱ्हेचे ओट्स असतात. स्टील कट म्हणजे दाण्याचे नुसते तुकडे. रोल्ड म्हणजे वाफवून चपटे केलेले. इन्स्टंट म्हणजे आणखी पातळ आणि जवळजवळ शिजलेलेच. पहिले दोन ग्लायसेमिक इंडेक्सवर 55च्या आसपास राहतात, इन्स्टंट पार कॉर्नफ्लेक्सच्या शेजारी जाऊन बसतात. ओट्समधला बीटा-ग्लुकन नावाचा तंतू पोटात बुळबुळीत होतो आणि साखर हळू सोडतो, म्हणून त्यांचं नाव झालं, आणि ते वाजवीच आहे. पण शंभर ग्रॅमला 66 ग्रॅम कार्बोहायड्रेट तिथेही आहेच. वाडगाभर खायची ती चीज नव्हे.

मग एका शनिवारी मी सुपरमार्केटमध्ये सीरियलच्या फळीसमोर वाचत उभी राहिले. पाकिटांच्या पुढच्या बाजूला डोंगर, गव्हाच्या लोंब्या, 'हेल्दी', 'मल्टिग्रेन', 'नो अ‍ॅडेड शुगर'. बाईंनी बजावलं होतं की पुढची बाजू बघायचीच नाही. पाकीट उलटं करायचं आणि आधी घटकांची यादी वाचायची, कारण ती वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावी लागते. एका म्युस्लीत पहिले ओट्स, दुसरे गव्हाचे फ्लेक्स आणि तिसरी थेट साखर. पुढे बेदाणे, मध, इन्व्हर्ट सिरप, माल्टोडेक्स्ट्रिन. बदाम होते ते पार खाली, 2 टक्के. मध काय, गूळ काय, सिरप काय, रक्ताच्या दृष्टीने साखरच. माल्टोडेक्स्ट्रिन तर गोडही लागत नाही, पण साखरेइतक्याच किंवा अधिक वेगाने चढतं. मग तक्ता. त्यात 'शुगर' ही ओळ वाचून थांबायचं नाही, तिच्या वरची 'कार्बोहायड्रेट'ची ओळ वाचायची आणि खालची 'फायबर'ची. आणखी एक खाच आहे. बरेचसे आकडे 30 ग्रॅमच्या एका सर्व्हिंगचे असतात. घरी काट्यावर 30 ग्रॅम म्युस्ली मोजली तर वाडग्याचा तळ जेमतेम झाकला गेला. रोजच्या सवयीने ओतली ती सहज दुप्पट भरली.

'लो कार्ब' लिहिलेली दोन-तीन पाकिटंही होती. सोया, बिया, काजू-बदामांची. त्यांचे आकडे खरोखर चांगले होते, फक्त एकात गोडीसाठी माल्टिटॉल होतं. ते साखरेपेक्षा कमी चढतं, पण चढतं, आणि जास्त झालं तर पोट बिघडवतं. किंमत मात्र अशी की महिन्याचं वाणसामान डोळ्यांपुढे आलं. मी यादी पुन्हा वाचली. जवस, तीळ, भोपळ्याच्या बिया, खोबरं, दाणे. यातलं आमच्या कोपऱ्यावरच्या वाण्याकडे काय मिळत नाही?

आता दर रविवारी मी ते घरीच भाजते. जाड बुडाची कढई, गॅस बारीक. आधी शेंगदाणे, कारण त्यांना वेळ लागतो. साल सुटायला लागली की काढायचे आणि भरड कुटायचे. मग भोपळ्याच्या बिया, त्या टम्म फुगतात. जवस सगळ्यात लक्ष देऊन भाजावा लागतो. तडतड सुरू झाली की झाकण अर्धं ठेवायचं, तडतड मंदावली की लगेच उतरवायचा, पाव मिनिट जास्त झालं तर कडवट होतो. अख्खा जवस बराचसा तसाच बाहेर पडतो, म्हणून गार झाल्यावर मिक्सरमधून एकदाच फिरवायचा. तीळ आणि सुक्या खोबऱ्याचे पातळ काप शेवटी, उरलेल्या धगीवर. त्यात रोल्ड ओट्स, पण बियांच्या मानाने पाचवा हिस्सा, कुरकुरीतपणासाठी कोरडे भाजून. चिमूटभर मीठ, दालचिनीची पूड.

सकाळी यातलं 50 ग्रॅम, वर घरचं दही. दुधापेक्षा मला दहीच बरं वाटतं. ढोबळ हिशेबाने फायबर वगळून कार्बोहायड्रेट पंधरा ग्रॅमच्या आत राहतं. वाडगाभर कॉर्नफ्लेक्स आणि दूध मिळून ते पन्नासाजवळ जात होतं. शंभर ग्रॅम जवसात कार्बोहायड्रेट 29 ग्रॅम दिसतं, पण त्यातले सुमारे 27 फायबरचेच. पहिल्यांदा हा वाडगा खाऊन मोजलं तेव्हा आकडा 138 होता. ऑफिसच्या बाथरूममध्ये उभी राहून मी तो दोनदा वाचला आणि मला खरोखर रडू आलं. एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते: बियांत तेल भरपूर, म्हणून मूठ सुटली की कॅलरी वाढत जातात. मी काटा वापरते.

रोज तेच नको होतं. तेव्हा मुगाचं धिरडं आणि आत पनीर, नाहीतर मटकीची उसळ पावाशिवाय, नाहीतर दोन उकडलेली अंडी आणि काकडी. पोहे सोडलेले नाहीत. एक मूठ पोहे, तेवढीच मोड आलेली मटकी आणि दाणे भरपूर, असे करते. सासूबाईंना ते पोहे वाटत नाहीत, त्यांच्यासाठी वेगळे.

समोरच्या काकूंनी हे मिश्रण मागितलं तेव्हा मात्र मी लगेच दिलं नाही. त्या ग्लिमेपिराइड घेतात. ती गोळी स्वादुपिंडातून इन्शुलिन काढतेच, तुम्ही स्टार्च खाल्ला असो वा नसो. ताटातला स्टार्च एकदम कमी केला तर साखर 70च्या खाली जाऊ शकते: हात थरथरतात, घाम फुटतो, सुचेनासं होतं. इन्शुलिन घेणाऱ्यांचंही तेच. मी फक्त मेटफॉर्मिनवर आहे, तिचा एकटीचा असा धोका फार कमी. डॅपाग्लिफ्लोझिनच्या जातीच्या गोळ्या असतील किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर वेगळाच विचार करावा लागतो, हेही मला डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं. काकू त्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन आल्या. गोळीची मात्रा कमी झाली, आणि साखर उतरलीच तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून घ्यायची आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायचं, असं कागदावर लिहून मिळालं. मग मी त्यांना बरणी भरून दिली.

संकष्टीचं अजून अडलेलं आहे. साबुदाणा म्हणजे जवळजवळ नुसता स्टार्च, शंभरात 88 ग्रॅम आणि प्रथिनं नावालाही नाहीत. वरईसुद्धा धान्यासारखीच. राजगिऱ्यात प्रथिनं बरी आहेत, पण त्याच्या लाह्या फुललेल्या, म्हणजे कॉर्नफ्लेक्ससारख्याच वेगाने चढतील की काय अशी मला शंका आहे. येत्या संकष्टीला दही, दाणे, काकडी आणि अगदी थोड्या लाह्या घेऊन दोन तासांनी मोजणार आहे. आकडा घेऊन बाईंकडे जाईन.